पुढची पट्टी

रेल्वे फाटकाच्या रुळांवर गाडीची पुढची पट्टी खरवडली, गाडीनं हिसका खाल्ला, आणि शेजारी बसलेल्या प्रेमकुंवरनं आधारासाठी हात पुढे करून डॅशबोर्ड धरला. मला तिचा हात दिसला. ती माझ्या धाकट्या भावाची, सोहनलालची बायको. आमच्या घरात येऊन तिला सात वर्षं झाली, आणि आमच्या मारवाड्यांत धाकट्याची बायको जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, तोंड दाखवत नाही, त्याच्याशी बोलत नाही, तो आला की ओढणी ओढून भिंतीकडे सरकते. सात वर्षांत मी ओढणी पाहिली होती, ओढणीखालची पावलं पाहिली होती. हातही दिसला असेल जेवण वाढताना, पण तो वाढणारा हात होता. हा घाबरलेला होता. नखं बारीक कापलेली, मनगट मोकळं. दोन वर्षांपूर्वी बांगड्या उतरवल्या तेव्हा मी बाहेर ओट्यावर बसून होतो, आत काय चाललंय ते आवाजावरून कळत होतं. आता तिनं झटकन हात मागे घेतला आणि पुन्हा दोन्ही मुठींत ओढणी धरली. मी म्हणालो, "काही नाही, पट्टी घासली." म्हणालो ते समोरच्या काचेला. जेठ असाच बोलतो, खांबाला, दाराला, कोनाड्यातल्या दिव्याला. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकावं.

सकाळी धुळ्याच्या देवपूरहून फोन आला होता. तिच्या वडिलांना, झुंबरलालजींना, अर्धांगाचा झटका आला, मुलीला लवकर पाठवा. घरची ॲम्बेसेडर सावद्याला गेलेली, केळीच्या वॅगन भरायचे दिवस. जळगावहून धुळ्याला रेल्वेनं जायचं तर चाळीसगावला गाडी बदलण्यात अर्धा दिवस जातो. राहिली ही. दोन माणसांची, उघडी, जमिनीला टेकलेली विलायती गाडी, जिच्यात शेजारी बसायचं म्हणजे खांद्याला खांदा लागतो. एरवी आईनं हे होऊ दिलं नसतं. पण आज ती दारात उभी राहून म्हणाली, "यातच घेऊन जा, पारस," आणि आतून पेटी आणवली. पेटी पाहिल्यावर मला कळलं. चार दिवसांची नव्हती ती. लग्नात आली होती तीच मोठी पेटी. "आता तिकडेच राहू दे," आई म्हणाली. "बापाची सेवा तरी नीट करेल." त्या 'तरी'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. ओढणीखालीही ठाऊक होता. मी पेटी मागे बांधली, नेमकी पाटाखाली, दोरीला तीन गाठी मारल्या. जळगाव ते धुळे नव्वद किलोमीटर. तेवढ्यात मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोललो नाही तर ही बाई तिच्या हातून न झालेली चूक पदरात बांधून बापाच्या घरी जाणार होती आणि जन्मभर तिथे राहणार होती.

पाट म्हणजे गाडीच्या मागचा पंख. गावानं ठेवलेलं नाव. खरंच बसायच्या पाटासारखाच दिसतो, दोन खुंटांवर आडवा. सोहननं भुसावळच्या एका रेल्वे इंजिनियरकडून गाडी घेतली. तो अँग्लो-इंडियन साहेब सगळं विकून ऑस्ट्रेलियाला चालला होता. मग सोहनला मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींचं वेड लागलं. तिथे जुन्या धावपट्टीवर गाड्या पळवतात. विलायती मासिकांतले फोटो घेऊन तो धुळ्याला जहांगीरकडे गेला. जहांगीर पत्र्याच्या पेट्या करायचा आणि बसच्या बॉड्या ठोकायचा. त्या दोघांनी चार महिने खपून ॲल्युमिनियमचे दोन भाग केले. मागे हा पाट. पुढे बंपरखाली एक वाकवलेली पट्टी, जमिनीपासून चार बोटं. विमानाचा पंख वर उचलतो, हा उलटा बसवलाय, म्हणून खाली दाबतो, असं सोहन घरभर सांगत फिरायचा. पन्नास मैलांच्या खाली त्याचा काही उपयोग नाही. पन्नासच्या वर वारा गाडीला रस्त्यावर दाबून धरतो. आणि जहांगीर दर वेळी बोट उगारून म्हणायचा, "भाऊ, ये दोनो जोडी है. एक काढाल तर दुसरा पण काढा. नुसता मागचा ठेवला तर मागचा दबेल आणि पुढचा उचलेल. मग स्टिअरिंग फिरवत बसा, चाकं ऐकणार नाहीत." हे त्यानं माझ्यादेखत सांगितलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. मी कापसाचा आडत्या, मला गाड्यांतलं काय कळतं, असं म्हणायची सोय मला नाही.

गेली दोन वर्षं ही गाडी मी चालवतो. लोकांना वाटतं भावाच्या मायेनं. बाजारात जाणकार चेहरे करून मान हलवतात, पारसमलनं भावाची निशाणी जपली. निशाणी कसली, खोडा आहे. पट्टी प्रत्येक चढावर घासते, मोरीवर घासते, रुळांवर घासते, आमच्या गल्लीत तर दोन ठिकाणी गटाराच्या फरशीवर मला गाडी तिरपी घालून एकेक चाक चढवावं लागतं आणि मागचे टांगेवाले खोळंबून बोलतात ते ऐकावं लागतं. पाटावर शेजारणी लुगडी वाळत घालतात. कोंबड्या बसतात. आरशात पाहावं तर निम्मा आरसा पाट अडवतो. वर थोडं आभाळ, खाली थोडा रस्ता, मधला पाठलाग करणारा भाग दिसतच नाही. मला कुणी सुचवलं, काढून टाका हे सगळं, गाडी सुटसुटीत होईल. आमच्या जुन्या ड्रायव्हरनं, भिकननं, तर पान्हाही आणला होता. मी त्याच्यावर ओरडलो. त्यानं पान्हा खाली ठेवला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मला अंगणातून आत जावं लागलं. त्याला काय सांगणार होतो? एकदा मी काढली होती म्हणून आता काढत नाही?

धनतेरसला आमच्याकडे गाड्यांची पूजा अंगणात होते. वाहन आत उंबऱ्यातून आलं पाहिजे, रस्त्यावर पूजा केलेली आईला चालत नाही. त्या वर्षी सोहन टायर आणायला मुंबईला गेलेला. ॲम्बेसेडर आत आली, ही काही येईना, पट्टी दगडी उंबऱ्यावर अडायची. मुहूर्त टळत होता. आई पाट-पट्टीवर आधीच वैतागलेली, तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पान्हा घेतला. नऊ बोल्ट. पट्टी माळ्यावर ठेवली, चौघांनी गाडी आत ढकलली, भटजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, आणि बायकांनी गाडीच्या तोंडाला झेंडूचं भरगच्च तोरण बांधलं, दोन्ही बाजूंना केळीची पानं. तोरण पाडव्यापर्यंत उतरवायचं नाही. पट्टी होती तिथे आता झेंडू होता. गाडी पुन्हा बाहेर काढली. मी म्हणालो, उद्या बसवतो. आणि दुसऱ्या दिवशी पेढीवर गेलो, हिशेबाच्या नव्या वह्या आल्या होत्या, माणसं आली होती, विसरलो. एवढंच. मनात काही नव्हतं. लोक म्हणतात विसरायला काहीतरी कारण लागतं; मला लागलं नाही.

सोहन त्या दिवशी सकाळच्या गाडीनं आला, झोपला, दुपारी उठला. आई जैन स्थानकात महाराजांच्या व्याख्यानाला गेलेली. घरात तो आणि प्रेमकुंवर. जहांगीरला नवे टायर दाखवायला निघाला. तोरण होतं तसं ठेवून गेला, आईच्या धाकानं. एरवी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्याशिवाय न बसणारा माणूस, पण झेंडूच्या मागे काय आहे हे कोण उचकून बघतं? पारोळ्याच्या पुढे रस्ता सरळ आहे. तिथे तो नेहमी गाडी सुसाट सोडायचा. नंतर लोक म्हणाले, अर्धा मैलभर रस्त्यावर झेंडूची फुलं पडली होती. मग ती संपली होती. मग एक बाभूळ.

एरंडोल मागे पडलं. अजून बोललो नव्हतो. रस्ता मोकळा होता तिथे मी गाडी सोडली, कारण घाई खरी होती, आणि कारण वेगात बोलावं लागत नाही. पन्नासच्या पुढे काटा गेला तसा मागचा भार आला. हा भार मी दोन वर्षं ओळखतो. आधी गाडी मोकळी पळत असते, मग मागे कुणीतरी येऊन बसतं. मुकाट्यानं, सगळं अंग टाकून. मी मान वळवत नाही. पहिल्यांदा आला तेव्हा मी गाडी थांबवून उतरलो होतो आणि शेतात जाऊन ओकलो होतो. आता सवय झाली आहे असं म्हणतो, पण भार आला की मानेवरचे केस उभे राहतात, अजूनही. वाऱ्यानं शेजारची ओढणी तोंडावर गच्च बसली होती. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला नाक, ओठ, हनुवटी, सगळा चेहरा कापडातून उमटलेला दिसला. मी वेग कमी केला. कापड सैल पडलं, चेहरा गेला, भारही उतरला.

पारोळ्याच्या अलीकडे एका बैलगाडीनं वाट अडवली. उसाची गाडी, वर एक म्हातारा. आम्ही मागे सावकाश चालत राहिलो. त्यानं मागे वळून निवांतपणे गाडी न्याहाळली आणि विचारलं, "भाऊ, हाऊ पाट कसाले शे?" मी म्हणालो, "वाऱ्यासाठी." म्हातारा विचारात पडला. "वारा खावाले?" तो म्हणाला, "आनि वारा तर बठ्ठा पुढेच लागस." आणि बैल बाजूला घेतले. ओढणीतून एक आवाज आला. हसल्यासारखा होता. मग लगेच रडल्यासारखा. मला कळलं नाही आणि विचारायची रीत नाही.

खोटं मी बोललो ते तिसऱ्या दिवशी. सुतकाच्या बैठकीत गावातली पंचवीस-तीस माणसं होती. जहांगीर धुळ्याहून आला होता, दाराशी बूट काढून खाली बसला. तो वाटेत बाभळीजवळ थांबून गाडी बघून आला होता. त्यानं विचारलं, "पुढची पट्टी कुठे आहे?" कुणाला काही कळेना. त्यानं पुन्हा विचारलं. आणि मग आई, जी कोपऱ्यात डोळे मिटून होती, तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पूजेसाठी मी काढली होती. पण घरी निरोप ठेवला होता." बस. पाच शब्दांचं वाक्य. निरोप कुणाजवळ ठेवला, कुणी विचारलं नाही, कारण विचारायला काही उरलंच नव्हतं. दुपारी घरात एकटी कोण होती हे सगळ्यांना माहीत होतं. जेठ अंगणात उभा राहून खांबाला सांगतो आणि सून ऐकते, हेही सगळ्यांना माहीत होतं. तीस माणसांनी आतल्या दाराकडे पाहिलं. दाराआडून काहीच आलं नाही. येणार कसं? जेठ खोटं बोलतो असं कुठल्या तोंडानं म्हणणार, जे तोंड त्याला दाखवायचंच नाही? मी रीतीवर पाय ठेवून उभा राहिलो आणि रीतीनं मला पेललं. आईनं त्या दिवसापासून तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. जहांगीर एकटाच माझ्याकडे बराच वेळ पाहत होता. मग बूट घालून गेला, आणि त्यानंतर आमचं कुठलंही काम त्यानं घेतलं नाही. गाडी दुसरीकडून दुरुस्त करून घ्यावी लागली; माळ्यावरची पट्टी मीच परत बसवली.

पारोळा गेलं. सरळ रस्ता लागला. मी चाळीसवर आलो, मग तीसवर. बाभूळ डाव्या हाताला आहे, तिची एक फांदी अजून वाळकी आहे. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर बोललो नसतो, मला माझी ओळख आहे. बाभूळ मागे गेली, आरशातल्या पाटामागे दिसेनाशी झाली, आणि मी काचेला म्हणालो, "मी निरोप ठेवला नव्हता."

इंजिनाचा आवाज. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं, "त्या दिवशी दुपारी मी घरी आलोच नव्हतो. कुणाला काही सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे." आणि मला हलकं वाटलं. खरं सांगतो, लाज वाटावी इतकं हलकं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला रस्त्याकडेची शेतं दिसली, कपाशी फुटली होती. इतकं सोपं होतं तर इतके दिवस का लागले, असंही मनात आलं. मी जवळजवळ माणसात आलो होतो.

"हे मला कशाला सांगता?"

ती माझ्याशी बोलत होती. खांबाशी नाही, काचेशी नाही. ओढणी तोंडावर तशीच होती, पण मान माझ्याकडे वळली होती. आवाज मी धरून चाललो होतो त्यापेक्षा जाड होता, मोठ्या बाईचा होता.

"मला तर माहीतच होतं," ती म्हणाली. "तुम्ही आला नव्हता, ते माझ्याशिवाय कुणाला माहीत असणार? तुम्ही ज्यांना सांगायला पाहिजे ते दुसरे आहेत."

मी गाडी अजून हळू केली.

"ती पट्टी कशासाठी आहे ते त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. वारा कुठून येतो, कुठे दाबतो, सगळे बाण काढून. कुणी निरोप ठेवला असता तर मी विसरले असते? मी गाडीच्या चाकाखाली झोपले असते, पण जाऊ दिलं नसतं." ती थांबली. मग सावकाश म्हणाली, "माझ्या वडिलांनाही तेच वाटतं. पोर निरोप विसरली आणि जावई गेला. दोन वर्षांत माझ्याशी ते नीट बोलले नाहीत. आता त्यांची वाचा जात चाललीये. कान शाबूत आहेत म्हणाला भाऊ फोनवर. जेठजी, तुम्ही त्यांच्यासमोर सांगा. माझ्या आईसमोर, भावासमोर. एवढंच करा. तुमच्या घरी सांगा-नका सांगू, मला परत यायचंच नाहीये."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना."

मी ते मनापासून म्हणालो. पांझरेच्या पुलावर गाडी हळू घेतली, पट्टी जपली, आणि पूर्ण पुलावर वाक्य मनात जुळवत होतो. 'झुंबरलालजी, तुमच्या मुलीचा काही दोष नाही.' असं सुरू करायचं. मग पट्टीचं. मग बैठकीचं. देवपुरात त्यांची गल्ली येईपर्यंत मला ते पाठ झालं होतं. ती उतरली, आत पळाली नाही, दाराशी माझी वाट पाहत उभी राहिली. मी पेटीची दोरी सोडली. गाठी तीन मारल्या होत्या, वेळ लागला.

झुंबरलालजी मधल्या खोलीत पलंगावर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात चादरीवर मेल्यासारखा. भोवती घरची माणसं, शेजारचे दोघे-तिघे, एक डॉक्टर निघायच्या बेतात. तिचा भाऊ बन्सीलाल वडिलांच्या कानाशी वाकून म्हणाला, "बापूजी, पारसमलजी स्वतः घेऊन आलेत प्रेमला." त्यांचे डोळे फिरले. त्यांनी मुलीला पाहिलं, मग मला. मी पुढे होऊन पलंगाशी टेकलो. वाक्य तोंडात तयार होतं. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. पकडीत अजून जोर होता. ते बोलू लागले आणि कुणाला कळेना, बन्सीलालनं कान लावला, ओठांवरून एकेक शब्द उचलला आणि आम्हाला सांगितला.

"बापूजी म्हणतात, माझ्या पोरीच्या हातून एवढी मोठी चूक झाली. तरी तुम्ही तिला घरात ठेवलीत. एका शब्दानं बोलला नाहीत. असा जेठ कुणाला मिळत नाही."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं. खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतका मान होता की मला एकदम भूक लागल्यासारखं झालं. कितीतरी दिवसांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. आई नाही, भिकन नाही, जहांगीर तर नाहीच. मला अजून एक क्षण तसंच बसून राहायचं होतं. फक्त एक क्षण, मग सांगणार होतो.

"असू द्या, बापूजी," मी म्हणालो. "मी तिला केव्हाच माफ केलंय."

बन्सीलालनं डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, देवमाणूस. आतल्या दारात प्रेमकुंवर उभी होती, मी तिकडे पाहिलं नाही, पण ती तिथून हलली ते मला कळलं. पावलांचा आवाज स्वयंपाकघराकडे गेला, भांडं वाजलं, आणि थोड्या वेळानं तिनं माझ्यासमोर दुधाचा पेला आणून ठेवला. न हिंदकळता. साखर घातलेली होती. सगळे माझ्याकडे पाहत होते, म्हणून मी तो शेवटपर्यंत प्यायलो.